फसवून गेलेल्या मित्रासाठी मंगल मैत्री: क्रम कुठे चुकतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आल्यापासून सहा महिने रोज संध्याकाळी मंगल मैत्रीची (सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या साधनेची) बैठक चालू आहे. भागीदारीत पैसे बुडवून गेलेल्या जुन्या मित्राला डोळ्यांसमोर आणून ‘तुझं भलं होवो’ म्हणायला बसलं, की पाचव्या मिनिटाला मनातल्या मनात त्याच्याशी भांडण सुरू होतं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांच्यासाठी करुणा करून उठताना अंगातलं बळ गेल्यासारखं वाटतं. आत्मसंयमच कमी आहे, तर आधी मन ताब्यात आणावं आणि मैत्री-करुणेचं नंतर बघावं का?

तसं करू नका. मन ताब्यात येण्याची वाट बघत बसलात तर मैत्रीची पाळी यायची नाही, कारण मन ताब्यात येतं ते याच कामातून. सहा महिने रोज बसणाऱ्याचा संयम कमी आहे असंही मला वाटत नाही. गणित शेवटच्या उदाहरणापासून सोडवायला घेतलंय, एवढीच चूक आहे.

ही चूक होते कशी, तेही साधं आहे. शिबिरात मंगल मैत्री शिकवतात ती दहाव्या दिवशी, मौन सुटण्याच्या वेळी. त्याआधी नऊ दिवस आनापान (श्वासावर लक्ष ठेवणं) आणि विपश्यना झालेली असते, मन निवळलेलं असतं, आणि ‘सर्व प्राणी सुखी होवोत’ हे वाक्य आपसूक निघतं. घरी आल्यावर ते नऊ दिवस पाठीशी नसतात. उरतं फक्त वाक्य, आणि ते आपण थेट सगळ्यात दुखऱ्या जागेवर लावतो.

जुन्या लोकांनी याचा क्रम फार बारकाईने लिहून ठेवला आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या महाविहारात बुद्धघोष या बौद्ध आचार्याने ‘विसुद्धिमग्ग’ रचला. त्याचा नववा परिच्छेद मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा (समतोल मन) या चार ब्रह्मविहारांवर, म्हणजे मनाच्या चार उदात्त अवस्थांवर आहे. (या पाली ग्रंथाची देवनागरी आवृत्ती सिद्ध करणारे धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. मराठी माणसाला हा ग्रंथ परका वाटायचं कारण नाही.) त्यात मैत्री कोणापासून सुरू करायची हे सांगण्याआधी कोणापासून करायची नाही हे सांगितलंय. नावडता माणूस, अतिप्रिय मित्र, ज्याच्याशी देणंघेणं नाही असा मध्यस्थ आणि वैरी, या चौघांना सुरुवातीला हात लावायचा नाही. नावडत्याला प्रियाच्या जागी बसवताना मन थकतं. मध्यस्थाला आदराच्या जागी बसवतानाही तेच होतं. अतिप्रिय मित्राचं जरा काही दुखलंखुपलं असेल, तर मैत्रीच्या जागी रडू येतं. वैऱ्याची आठवण येताच राग उसळतो.

आता तुमच्या भागीदाराकडे बघा. तो कालपर्यंत अतिप्रिय होता आणि आज वैरी आहे. चारांपैकी दोन अडचणी एकाच माणसात आहेत, आणि त्या एकमेकींना खत घालतात. जुना लोभ आहे म्हणून राग जास्त पेटतो. साध्या उधारी बुडवणाऱ्याबद्दल इतकं आतून जळत नाही. सहा महिने तुम्ही याच्यापासून सुरुवात करत होतात.

आणखी दोन बंधनं आहेत. भिन्नलिंगी व्यक्तीला खास आलंबन (ध्यानाचा विषय) करून सुरुवात करू नये, आणि मृत व्यक्तीवर ही भावना (मनात मैत्री मुद्दाम वाढवण्याचा सराव) करू नये. पहिल्याचं कारण सांगताना ग्रंथात एक गमतीदार दाखला येतो. एका अमात्यपुत्राला थेरांनी (ज्येष्ठ भिक्षूंनी) सांगितलं, प्रिय व्यक्तीवर मैत्री कर. त्याला प्रिय होती स्वतःची बायको. त्याने तिच्यावर भावना सुरू केली आणि रात्रभर भिंतीशी झुंजत राहिला. मैत्रीला राग जितका घातक, तितकीच आसक्तीही घातक, हे त्या भिंतीने सांगितलं. मृत व्यक्तीबाबतचं कारण अनुभवाचं आहे: तिथे भावना एकाग्रतेपर्यंत पोचत नाही, नुसती आठवण राहते.

मग सुरुवात स्वतःपासून. इथे बहुतेकांना संकोच वाटतो, स्वार्थीपणा वाटतो. पण स्वतःला इथे साक्षीदार म्हणून उभं केलेलं आहे: मला सुख हवं, दुःख नको, मरण नको, तसंच ते इतरांनाही आहे. एवढं पटवून देण्यापुरतं स्वतःवर थांबायचं. नुसतं स्वतःवर शंभर वर्षं मैत्री केली तरी त्यातून समाधी लागत नाही, असंही बुद्धघोष बजावतो. म्हणजे ही पायरी आहे, मुक्काम नाही. पण ती गाळली तर पुढे जे होतं त्याला मी ‘वरून दिलेली मैत्री’ म्हणतो. ‘बिचारा, त्याचं भलं होवो’ यातला ‘बिचारा’ ऐकलात का? तो राग आहे, नीट इस्त्री केलेला.

प्रत्यक्ष बैठक अशी ठेवा. एकूण 25 मिनिटं. पहिली 3 मिनिटं नुसता श्वास. पुढची 5 स्वतःसाठी, चार वाक्यांवर: मी वैरमुक्त असो, मनाच्या जाचातून सुटलेला असो, त्रासातून सुटलेला असो, सुखाने स्वतःला सांभाळो. एक वाक्य, मग तीन-चार श्वास गप्प, मग पुढचं. जपासारखी घाई केली की आठवड्याभरात शब्द बोथट होतात. तसे झाले तर चारऐवजी एकच वाक्य धरा. वाक्यापेक्षा त्यानंतरचे गप्प श्वास महत्त्वाचे, कारण भावना तिथे उमटते.

पुढची 12 मिनिटं अशा एका माणसाला द्या जो हयात आहे, ज्याच्याबद्दल प्रेम आणि आदर दोन्ही आहे, आणि ज्याच्याशी सध्या तुमचा व्यवहार नाही. आचार्य किंवा आचार्यासारखा, असं ग्रंथ म्हणतो. शाळेतले एखादे सर चालतील, गावाकडची मावशी नको (पुरुष साधकाने सुरुवातीला पुरुष, स्त्रीने स्त्री, इतका काटेकोरपणा पहिले काही आठवडे तरी पाळावा). त्या माणसाचा चेहरा धरून ठेवायची धडपड करू नका. चेहरा पुसट होतो आणि मग सगळी शक्ती चित्र जुळवण्यात जाते. त्याने केलेली एक ठरावीक गोष्ट धरा: फी भरली, शाळा सुटल्यावर थांबून शिकवलं, चारचौघांत बाजू घेतली. कृतीच्या आठवणीने मन मऊ होतं, मग वाक्य टाका. उरलेली 5 मिनिटं कोणाचंच नाव न घेता तो मऊपणा तसाच राहू द्या. छातीत, घशात, चेहऱ्यावर तो कुठे जाणवतो हे एकदा ओळखून ठेवा, पुढे कामाला येतं.

पुढच्या पायरीवर कधी जायचं? दिवस मोजून जाऊ नका. बसल्यापासून दोन-तीन मिनिटांत, ओढूनताणून न आणता, मन मऊ होतं आणि सात-आठ मिनिटं तसं टिकतं, असं सलग चार-पाच दिवस झालं की जवळचा मित्र घ्या. तोही जमला की मध्यस्थ.

या मध्यस्थापाशी थांबायला हवं, कारण लोक नेमकं हेच गाळतात. दुधाच्या केंद्रावरचा माणूस, सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन, रोज त्याच डब्यात दिसणारा पण कधी न बोललेला प्रवासी. सरांबद्दल मैत्री वाटते त्यात अर्धा वाटा सरांचा असतो, त्यांनी तसं काही केलेलं असतं. मध्यस्थाने तुमच्यासाठी काहीही केलेलं नाही. त्याच्याबद्दल जे उमटेल ते सगळं तुमच्या बाजूचं असतं. आत्मसंयम कमी आहे की पुरेसा, याची खरी परीक्षा मला इथे दिसते. रागाच्या वेळी दात-ओठ चावून गप्प बसणं हा संयमाचा फार वरवरचा भाग झाला. कारण नसताना, कोणी न मागता, मनाला एका दिशेला वळवता येणं आणि तिथे ठेवता येणं ही खरी पकड. गीतेच्या सहाव्या अध्यायात आपणच आपला बंधू आणि आपणच आपला रिपू असं म्हटलंय. संयमाच्या चर्चेत माणसं रिपूचीच गोष्ट करतात, बंधू विसरतात.

मध्यस्थावर तीन-चार आठवडे सहज लागतात. कंटाळा येईल. कंटाळा आला म्हणून वैऱ्याकडे उडी मारू नका. वैऱ्याकडे रंगत असते, म्हणून मन तिकडे धावतं.

मग भागीदार. त्याला 25 पैकी शेवटची 5 मिनिटंच द्यायची, आणि त्याआधी सरांपासून मध्यस्थापर्यंतची पूर्ण चढण करून. राग उसळला की लगेच मागच्या माणसावर परतायचं, मन मऊ झालं की पुन्हा यायचं. दोन-तीनदा असं करूनही जमलं नाही तर ग्रंथात एकापाठोपाठ एक उपाय आहेत आणि ते त्याच क्रमाने करून बघण्यासारखे आहेत. करवतीची उपमा आठवायची: लुटारूंनी दोन्ही टोकांना मुठी असलेल्या करवतीने अवयव कापले तरी मन बिघडवणारा माझ्या शिकवणुकीचा नव्हे, असं बुद्धवचन आहे. माझ्या मते आजच्या साधकाला हा उपाय क्वचितच लागू पडतो, उलट अपराधीपणा वाढवतो. त्याच्या पुढचा अधिक कामाचा: त्या माणसाचं वागणं, बोलणं आणि मन यांपैकी एक तरी बाजू बरी असेल, ती शोधायची. बोलणं खोटं असेल, पण म्हाताऱ्या आईला नीट सांभाळत असेल. तेवढंच बघायचं, बाकीचं बघायचं नाही. काहीच सापडलं नाही तर त्याच्यावर मैत्री सोडून करुणा करायची, कारण असं वागून तो स्वतःचं पुढचं बिघडवतो आहे.

तरीही नाही जमलं, तर पृथक्करण. तू रागावलास तो नेमका कशावर? केसांवर? नखांवर? हाडांवर? त्याच्यातल्या पृथ्वीधातूवर की आपधातूवर? ऐकायला हे विचित्र वाटतं, पण करून बघितल्यावर त्यातली चलाखी कळते. रागाला एक सलग, घट्ट ‘तो’ लागतो. तुकडे केले की पकडायला काही उरत नाही. शेवटचा उपाय सगळ्यात व्यवहारी आहे: देणंघेणं. त्याला काहीतरी द्या किंवा त्याच्याकडून काहीतरी घ्या. वस्तू हातातून हातात गेली की जुनं वैर सैल पडतं, असं बुद्धघोष सांगतो. तुमच्या बाबतीत देणं आधीच भरपूर झालंय. तेव्हा त्याने पैशाचा लहानसा हप्ता देऊ केला, तर ‘सगळे एकदम दे नाहीतर राहू दे’ असं न म्हणता तो घ्या. साधना म्हणूनही घ्या.

पैशावरून आठवलं. मैत्री करायची म्हणजे पैसे सोडून द्यायचे का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मागे उभा आहे. नाही सोडायचे. मित्रता दोघांची असते, मैत्री एकट्याला करता येते. भागीदारी परत जोडणं, घरी जेवायला बोलावणं, ‘जाऊ दे’ म्हणणं यांतलं काहीही मैत्रीभावनेत येत नाही. नोटीस पाठवायची तर पाठवा, फक्त ती लिहिताना त्याचा नाश व्हावा असं मनात आहे की माझे पैसे परत यावेत असं, एवढं तपासा. आणि एक साधी गोष्ट, पैशाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. तुमची भावना परिपक्व होईपर्यंत कायदा थांबत नाही, तेव्हा वकिलाला आधी भेटा.

स्वतःचा बळी देणं म्हणजे मैत्री, हा समज तर ग्रंथातच मोडून काढलाय. कल्पना करा, तुम्ही, तुमचा प्रिय माणूस, मध्यस्थ आणि वैरी असे चौघं बसलात. दरोडेखोर येऊन म्हणाले, बळीसाठी एक द्या. ‘या वैऱ्याला न्या’ वाटलं तर सीमा (आपला-परका या मनातल्या भिंती) मोडलेल्या नाहीत हे उघड आहे. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असं वाटलं तरीही मोडलेल्या नाहीत. चौघांपैकी एकही देण्यासारखा साधकाला दिसत नाही तेव्हाच सीमा मोडल्या. स्वतःला वजा करणारी मैत्री अपुरी मानली आहे. पसायदानातही ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असं मागणं आहे. खळांना हाकला असं नाही, आणि खळांपुढे वाका असंही नाही. वाकडेपणा गळून पडावा, आणि मग ‘भूतां परस्परें पडो मैत्र जीवांचें’.

बैठकीबाहेर, बाजारात तो समोर आला तर काय करायचं, यासाठी पतंजलींच्या योगसूत्रांतलं एक सूत्र जास्त हाताशी येतं. पहिल्या पादातलं तेहतिसावं: सुख, दुःख, पुण्य आणि अपुण्य यांच्याविषयी अनुक्रमे मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. सूत्रात माणसांचे प्रकार नाहीत, अवस्था आहेत. व्यासभाष्य (योगसूत्रांवरची जुनी टीका) त्या माणसांना लावतं, पण सूत्र तसंच वाचलं तर एकाच माणसाचे चार पैलू वेगळे करता येतात. त्याने नवी गाडी घेतली, तिथे तो सुखी आहे. तिथे मैत्री, कारण आपल्याला खरं टोचतं ते तेच. त्याची मुलगी आजारी आहे, तिथे करुणा. गावच्या देवळाला त्याने मदत केली, तिथे ‘माझ्याच पैशातून’ हे शब्द ओठांवर येतील तरी मुदिता. त्याने खोट्या सह्या केल्या, तिथे उपेक्षा, म्हणजे त्यावर मन न घोळवणं. तिसऱ्या पादाच्या भाष्यात व्यास तर म्हणतात की पापशीलांविषयीची उपेक्षा ही भावना नव्हेच, म्हणून तिच्यावर समाधीही नाही. पाली परंपरेत मात्र उपेक्षा ही चौथी, सर्वांत वरची भावना आहे आणि ती सगळ्यांवर करायची आहे. शब्द एक, काम वेगळं. दोन्ही परंपरांची पुस्तकं एकत्र वाचणारे इथे हमखास घसरतात.

आता वडील.

प्रत्येक ब्रह्मविहाराला एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. दूरचा ओळखू येतो: मैत्रीचा द्वेष, करुणेचा क्रूरपणा. जवळचा तिच्याच वेषात येतो. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती, करुणेचा जवळचा शत्रू शोक, घरगुती, आपल्या माणसाबद्दलचा. बैठकीतून उठताना बळ गेल्यासारखं वाटतं, याचा अर्थ तिथे करुणा नव्हती, शोक चालू होता. करुणेचा विषय समोरच्याचं दुःख आणि ते सरावं ही इच्छा. शोकाचा विषय मी: मला हे बघवत नाही. आधुनिक मानसशास्त्रातही हा फरक तपासला गेलाय. ओल्गा क्लिमेकी आणि टानिया सिंगर यांच्या प्रयोगांत दुसऱ्याचं दुःख आपल्यात ओढून घेण्याच्या सरावाने लोकांना जास्त वाईट वाटू लागलं, आणि त्यांनाच नंतर करुणेचा सराव दिल्यावर मन पुन्हा वर आलं.

करुणेचा क्रमही वेगळा आहे. ती सुरू होते अनोळखी दुःखितापासून. ग्रंथातलं उदाहरण हातपाय तुटलेल्या, अनाथशाळेत मडकं पुढे ठेवून बसलेल्या माणसाचं आहे. आपला प्रिय त्यानंतर येतो. तुम्ही इथेही थेट वडिलांपासून सुरू केलंत. काही आठवडे वडिलांना बैठकीत आणू नका. सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात पाहिलेला एखादा अनोळखी रुग्ण घ्या, वाक्य एकच: ‘या दुःखातून सुटो.’ डोळे भरून आले, छाती जड झाली, तर वाक्य बदलून मैत्रीचं करा: ‘सुखी असो.’ दुःखावरची नजर सुखाच्या इच्छेकडे वळली की जडपणा उतरतो. डोळ्यांतून पाणी येणं म्हणजे प्रगती, असं समजणारे साधक खूप भेटतात. तसं काही नाही.

वडिलांची साधना बैठकीत न होता हातांनी होऊ द्या. दर दोन तासांनी कूस बदलताना, पाठ पुसताना, चमच्याने पेज भरवताना श्वास सोडता सोडता एकदा ‘आराम पडो’, आणि पुन्हा लक्ष हातांवर. मुदिताही विसरू नका. चार चमचे पेज जास्त गेली, दुपारी तासभर झोप लागली, नातवाला बघून हसले, यात मनापासून आनंद मानणं हा शोकावरचा उतारा आहे. आणि रात्री, त्यांना झोप लागल्यावर, उपेक्षेचं वाक्य: माझ्या इच्छेने यांचं सुखदुःख ठरत नाही, ते आपल्या कर्माचे धनी आहेत. हे कोरडं वाटेल. म्हणूनच बुद्धघोषाचा दाखला लक्षात ठेवा: एका आईचे चार मुलगे, एक तान्हा, एक आजारी, एक तारुण्याच्या भरात, एक आपल्या कामधंद्याला लागलेला. तान्ह्याने वाढावं असं तिला वाटतं, आजाऱ्याने बरं व्हावं, तरण्याचं तारुण्य टिकावं, आणि कामाला लागलेल्याची ती काळजी करत नाही. चौथ्यावर तिची माया कमी आहे असं कोणी म्हणेल का? उपेक्षेचा जवळचा शत्रू अज्ञानातून आलेला बेफिकीरपणा आहे. फरक ओळखायला सोपा: औषधाची वेळ चुकली तर ती उपेक्षा नव्हे.

आसक्तीही तपासून बघा, विशेषतः सर आणि मित्र यांच्या पायरीवर. प्रश्न असा विचारा: याचं भलं झालं आणि मला ते कधी कळलंच नाही, तर चालेल का? पोटात जरा कालवाकालव झाली तर आसक्ती आहे. बैठकीनंतर त्याच रात्री फोन करावासा वाटला तर तीच आहे. मैत्री करून लगेच फोन लावू नका, विशेषतः भागीदाराला. तुमचं मन मऊ झालंय, त्याचं नाही.

बैठकीत सतत झोप येत असेल तर ती वेळ बदलून पहाटेची करा. वडिलांच्या सेवेनंतर संध्याकाळी अंग थकलेलंच असतं. महिनाभर मन उदास राहिलं, झोप-भूक गेली, तर ही साधना थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. शिवाय हे सगळं एकट्याने करू नका. बुद्धांचा शिष्य आनंद एकदा म्हणाला होता की कल्याणमित्र (चांगल्या वाटेवर सोबत करणारा मित्र) म्हणजे अर्धा ब्रह्मचर्यवास, म्हणजे अर्धं साधनेचं जीवन. त्यावर बुद्धांचं उत्तर होतं, अर्धा नव्हे, सगळाच. आठवड्यातून एकदा सामूहिक बैठकीला जाता येईल असं केंद्र किंवा साधकांचा गट जवळ असेल तर तिथे जा.

पुढचे सहा आठवडे एवढंच: स्वतः, सर, मित्र, वॉचमन. करुणेसाठी आठवड्यातून दोन बैठका, त्या अनोळखी रुग्णावर. भागीदाराचं नाव तोवर बैठकीत घ्यायचं नाही. ते आपणहून आलं, तर वाक्य न म्हणता पुन्हा श्वासावर या.